एकच्या आत

माझा नवरा एकहार्ड मूर्ख नाही. मूर्ख असता तर मी माफ तरी केलं असतं.

आमच्या लाइपझिगच्या बागसंघात, म्हणजे भाड्याच्या छोट्या बागांच्या वसाहतीत, दुपारी एक ते तीन शांततेची वेळ, मोटर लावायची नाही. एक वाजला की अध्यक्ष क्वांट कुंपणाकुंपणाने फिरतात. कुणाचं यंत्र घरघरताना सापडलं, तर त्याची वर्षभर शोभा होते. त्या शनिवारी एकहार्डला बटाट्याचा वाफा एकच्या आत उरकायचा होता. तीननंतर का नाही? तर साडेतीनला रेडिओवर फुटबॉल!

पेट्रोलवरच्या टिलरला, म्हणजे माती उकरणाऱ्या यंत्राला, दांड्यावर एक खटका असतो. तो दाबून धरला तरच पाती फिरतात, हात सुटला की थांबतात. माणूस वाचावा म्हणूनच तो दिलेला असतो. आमच्या शहाण्याने तो सुतळीने करकचून बांधून टाकला. का, तर म्हणे बोटं दुखतात!

"एकहार्ड, ती सुतळी सोड," मी म्हटलं.

"रोस्विता, तू तुझे कांदे बघ."

बघत होते मी कांदे. तेवढ्यात यंत्र अडखळलं, आवाज कोंडला. हरळीच्या मुळ्यांचा गुंता पात्यांना बसला होता. आता कुणीही शहाणा माणूस इंजिन बंद करील. पण ते गरम असताना बंद केलं की परत चालू करायला दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, आणि घड्याळात एक वाजतच आला होता. एकहार्ड पुढे गेला, वाकला आणि चालू यंत्राच्या पात्यांत हात घातला!

मी कांदे तुडवत धावले आणि बटण बंद केलं. तो मागे धडपडला, खाली बसला.

"बंद कशाला केलंस? आता परत चालू होणार नाही ना!"

हे त्याचे पहिले शब्द. माझं डोकंच फिरलं. त्याचा हातमोजा मुळ्यांबरोबर पात्यांवर गुंडाळला गेला होता, मोज्याची दोन बोटं फाटून लोंबत होती.

"हे बघ! आत तुझी बोटं असती म्हणजे? मी पिशवीत गोळा करून दवाखान्यात न्यायची होती का?"

एकहार्ड उघडा हात छातीशी धरून बसला.

"रोस्विताबाई," कुंपणापलीकडून क्वांट म्हणाले, "एक वाजून गेला. शांततेची वेळ आहे."

"मोटर बंद आहे, क्वांट! हे तोंड पेट्रोलवर चालत नाही!"

"तरी शेजाऱ्यांना..."

"ऐकू दे शेजाऱ्यांना! तुमच्या एकच्या धाकाने यानं पात्यांत हात घातला. मोटर चालू राहिली की धावत येता, आणि खटका बांधलेला तेवढा दिसत नाही तुम्हाला?"

क्वांट यंत्राकडे बघत राहिले. कानापर्यंत लाल झाले.

"तसा... सगळेच बांधतात हो," ते हळूच म्हणाले.

"तुम्हीसुद्धा?"

त्यांनी आपले हात पाठीमागे घेतले.

"तुमच्या बायकोला माहीत आहे?"

"अहो, तिला कशाला उगाच..."

"कुठे आहेत त्या?"

"स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात. पण रोस्विताबाई, ऐका तर..."

मी एकहार्डला तिथंच सोडलं, फाटक उघडलं आणि क्वांटबाईंना हाका मारत तरातरा निघाले.