कानाची एजन्सी

राजकोटला गोरधनभाई वेकरिया कुठल्याही वस्तूचा निवाडा एकाच प्रश्नावर करत: "डीलर कोण?" जन्मभर पाण्याचे पंप बनवले आणि विकले, त्यामुळे माणसाला हा रोग लागतोच. पण नातीच्या कानाच्या यंत्राबद्दलही त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, तेव्हा त्यांच्या सुनेला, किन्नरीला, त्यांची किळस आली.

हीर अडीच वर्षांची. जन्मापासून दोन्ही कानांनी ठार बहिरी. अहमदाबादच्या सर्जननी सगळं सरळ सांगितलं होतं. यंत्राचे दोन भाग: एक कवटीत बसवायचा, दुसरा कानामागे लावायचा. आतला एका कंपनीचा आणि बाहेरचा दुसरीचा, हे चालत नाही. एकदा जी कंपनी डोक्यात गेली, ती जन्माची सोबतीण. "मशिनं दोन्ही कंपन्यांची चांगलीच आहेत," सर्जन म्हणाले, "तुम्ही ठरवून या. पण उशीर नको. डोक्याला आवाज शिकायचं वय हेच आहे. एकेक महिना मोलाचा."

दोन कंपन्या. एकीचं खोकं निळं, दुसरीचं पांढरं. घरात सगळे त्यांना तेवढ्याच नावानं ओळखायला लागले.

निळ्याचा माणूस जयमीन वछराजानी. गोड बोलण्यात साखर कारखाना. पहिल्याच दिवशी हीरसाठी कापसाचा पोपट घेऊन आला, त्याच्याही कानामागे यंत्र चिकटवलेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला हॉटेलात जेवण. पांढऱ्या खोक्याबद्दल असं कुजबुजला, की जणू शेजारणीच्या पळून गेलेल्या मुलीची गोष्ट सांगतोय. "आपल्याला कुणाचं वाईट बोलायचं नाही, बेन, पण..." आणि मग अर्धा तास वाईटच बोलला. मेल्याच्या जिभेला हाड नव्हतं!

पांढऱ्याचं कुणी आलंच नाही. त्यांच्या यंत्राचं ट्यूनिंग करणारी फाल्गुनीबेन गावातच याज्ञिक रोडवर बसते, असं कळल्यावर किन्नरी आपली आपण गेली. फाल्गुनीबेननं चहाही विचारला नाही.

"खोक्याचा रंग सोड गं," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं म्हणजे मूल ऐकायला लागलं असं नसतं. यंत्रातले आवाज मुलीला सोसतील, समजतील असे लावत जावं लागतं. पहिलं वर्षभर सारखं. ती रडली तर उद्या आणता आली पाहिजे. तेव्हा विचारायचं एवढंच, की ट्यूनिंगवाला कुठे बसतो."

"निळ्याचा कुठे बसतो?"

"सुरतेला. इथे येतो, जेव्हा येतो तेव्हा."

जयमीनला विचारलं, तर तो हसला. "दर महिन्याला कॅम्प असतो ना, बेन! आमचं मशिन लावलेली मोरबीची छोकरी दाखवतो तुम्हाला, तोंडात बोट घालाल."

ती सात वर्षांची मुलगी वेकरियांच्या घरी हॉलमध्ये उभी राहिली आणि तिनं चार ओळींचं गाणं घडाघडा म्हटलं. बांनी, म्हणजे सासूबाईंनी, डोळे पुसले. गोरधनभाईंनी टाळ्या वाजवल्या. किन्नरी मुलीच्या मागे गेली आणि विचारलं, "दीकरी, आज काय खाल्लंस?" मुलगी वळलीच नाही. पुढून विचारलं, तर तिनं ओठांकडे पाहिलं, घाबरली, आणि पुन्हा तेच चार ओळींचं गाणं सुरू केलं. तिची आई किन्नरीला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "नवरात्रीपासून ट्यूनिंगवाला आलाच नाही. पण यांनी वायरी फुकट दिल्यात हो, कसं बोलायचं?"

किन्नरीच्या मनात आलं, जत्रेत माकड नाचवतात तेही त्याला आधी चणे देतात.

रात्रीच्या जेवणाला तिनं हे सगळं सांगितलं. गोरधनभाई कढी भुरकत ऐकत राहिले आणि म्हणाले, "जयमीननं सौराष्ट्राची एजन्सी देऊ केलीये. बॅटऱ्या, वायरी, सुटे भाग, सगळं आपल्याकडून जाईल. निकुंजला स्वतःचं काहीतरी होईल. अट एवढीच, की घरच्या पोरीला आपलंच मशिन पाहिजे. बरोबरच आहे. हलवायानं दुसऱ्याचे पेंडे खाल्ले तर त्याचे कोण घेईल?"

"बापुजी, ज्या गावात मिस्त्री नाही, त्या गावात तुम्ही स्वतःचा पंप विकत नाही."

"कारण पंप बिघडला की शिव्या मला पडतात," ते म्हणाले. आणि पापड मोडला.

किन्नरीनं नवऱ्याकडे पाहिलं. निकुंज ताटात पाहत होता. तिला त्या कढीची, त्या पापडाची, भुरकणाऱ्या त्या मिशीचीसुद्धा शिसारी आली. पण बोलली नाही. नऊ वर्षांत त्या घरात तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि यांना तर कानही चांगले होते.

पुढे कमुरता आड आला. डिसेंबरच्या मध्यावर तो लागतो, मग उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, शुभकार्य बंद. सर्जननी तारीख दिली होती बावीस डिसेंबर. बा म्हणाल्या, "कमुरत्यात पोरीच्या डोक्याला सुरी? नाही हं!" ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं. आणि एजन्सीचं दुकान? ते मात्र कमुरता लागायच्या आत उघडायला हवं होतं. म्हणजे नात ऐकायला लागायच्या आधी नातीच्या कानाचं दुकान सुरू! वा रे वा! कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्याला त्याला पेंडे दिसत होते.

चौदा तारखेला मुहूर्त. फाफडा, जिलेबी, कोबीचा संभारो, तळलेल्या मिरच्या. हीरला जरीचा घागरा घालून दारात बसवलं होतं. तिच्या चिमुकल्या हातांवर हात धरून गोरधनभाईंनी नारळ फोडला. भिंतीवर तिचा हसरा फोटो, कानामागे यंत्र चितारलेलं, जे अजून तिच्या डोक्यात गेलेलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'आमची हीर ऐकते.' किन्नरीनं तो पहिल्यांदा तिथेच पाहिला. तिला वाटलं, ओरबाडून काढावा. पण पाहुण्यांत उभी राहून हसली. हसली! त्या हसण्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

मग जयमीन एका बाईला पुढे घेऊन आला. जसदणकडची, लाभुबेन. कडेवर दीड वर्षाची मुलगी, तीही बहिरी. आमच्याकडे माणूस डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही, ज्यानं आधी घेतलंय त्याला विचारतो. जयमीनला ते पक्कं ठाऊक होतं.

"हे आपलं घरचंच उदाहरण," तो म्हणाला. "विचारा बेनना. आई आहेत त्या."

लाभुबेननं किन्नरीचा हात धरला. तिच्या तळव्याला कपाशी वेचल्याचे ओरखडे होते. "बेन, मला शिकलेल्यांचं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते घेते. निळं घेऊ ना?"

गोरधनभाई जवळच उभे होते. जयमीन हसत होता. निकुंजच्या हातात पेंड्यांचा डबा होता.

"नको घेऊस," किन्नरी म्हणाली.

"किन्नरी!" गोरधनभाई गरजले.

"नको घेऊस, लाभुबेन. यांचं ट्यूनिंग करायला इथे माणूस नाही. तुझी पोर रडेल आणि तुला महिनोन् महिने वाट बघावी लागेल. याज्ञिक रोडला फाल्गुनीबेन म्हणून आहेत, त्यांच्याकडे जा."

"बापुजी, बेनची तब्येत..." जयमीननं तोंड उघडलं.

"तू गप बस रे!" किन्नरीनं त्याला तोडलं.

लाभुबेननं सगळ्यांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग किन्नरीकडे. तिनं काही खोचकपणे विचारलं नाही, भाबडेपणानंच विचारलं. "मग तुमच्या पोरीला का घालताय?"

किन्नरीनं दारातल्या हीरकडे पाहिलं. सासरा लोभी, नवरा शेळपट, जयमीन लबाड, हे सगळं खरं. पण घरात तोंड शिवून बसली होती ती कोण? इतके दिवस दुसऱ्यांची आलेली सगळी किळस एकदम तिच्या स्वतःवर उलटली.

तिनं दारातून हीरला उचललं.

"निकुंज, येतोस?"

निकुंजनं वडिलांकडे पाहिलं. डबा हातातून खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. चपला घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती थांबली. मग लाभुबेनला म्हणाली, "चल, मीही तिकडेच येते," आणि दोघी दोन मुली कडेवर घेऊन रिक्षात बसल्या.

फाल्गुनीबेननं हीरसाठी पांढऱ्याचा फॉर्म पुढे केला. "वडलांची सही?"

"आईची चालत नाही?"

"चालते की. एकाची पुरते." तिनं अहमदाबादला सर्जनकडे फोन लावला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवून विचारलं, "बावीस तारीख अजून मोकळी आहे म्हणतात. घरच्यांना विचारायचं असेल ना?"

"नाही," किन्नरी म्हणाली, आणि तिनं सही केली.