न्जांबीच्या घरचा चौकशीखोर

मी एक जुना फोन आहे. किती जुना, ते विचारू नका. आमच्या घरात असले प्रश्न चालत नाहीत. माझी काच कोपऱ्यातून तडकली आहे, पाठीला रबर बांधलं आहे, आणि चार्जरची पिन वाकडी धरल्याशिवाय माझ्या पोटात काही जात नाही. यावरून काय तो अंदाज बांधा, मित्रांनो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. एका बँकेतल्या साहेबांनी मला नवाकोरा असताना घेतलं, कौतुकानं चामडी पाकिटात ठेवलं आणि नवं मॉडेल येताच विकून टाकलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मग नाकुरू शहराच्या बाजारात जुन्या फोनांच्या ढिगात पडून राहिलो. तिथून मला न्जांबीनं उचललं. भाव करताना तिनं मला इतकी नावं ठेवली, की दुकानदार कंटाळला आणि मी स्वस्तात गेलो.

न्जांबी रस्त्याकडेच्या टपरीत बायकांच्या वेण्या घालते. गिऱ्हाईक नसलं की ती मला हातात घ्यायची. शेजारी सुकी मासळी विकणाऱ्या अकेयोनं तिला सर्व्हेचा नाद लावला होता. परदेशातल्या कंपन्या फोनवर प्रश्न विचारतात, साबण कुठला वापरता, चहात साखर किती घालता. उत्तरं दिली की थोडे पैसे जमा होतात. न्जांबीनं इंग्रजी भाषेवर खूण केली होती. प्रश्न यायचे, पण अगदी क्वचित.

अकेयो हसली. "अगं बाई, इंग्रजीत उत्तरं द्यायला अख्खं जग रांगेत उभं आहे! तुला स्वाहिली येते, माझ्याशी भांडून भांडून लुओ आली, घरची किकुयू आहे. सगळ्यांवर खूण कर की! का तुझं तोंड फक्त गिऱ्हाइकांची निंदा करायला आहे?"

न्जांबीनं खुणा केल्या आणि माझी झोप उडाली. दिवसभर सर्व्हे येऊ लागले. किकुयूतल्या सर्व्हेला तर पैसेही जास्त, कारण त्या भाषेत उत्तरं देणारे थोडे. पण न्जांबी शहरात वाढलेली. तिची किकुयू भाजी आणण्यापुरती. जरा अवघड शब्द आला की ती आईकडे वळायची.

या आईला सगळं घर शोशो म्हणतं, म्हणजे आजी. शोशोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं तिला आवाजावरून कळायची. चुलीची वाफ हाताला लागली की चूल कुठे ते समजायचं. मिशनच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, पण आधी पैसे भरायचे होते. सर्व्हेचे पैसे त्यासाठीच साठत होते. ते कंपनीकडेच राहत. ठरावीक रक्कम झाल्याशिवाय हातात येत नसत.

संध्याकाळी न्जांबी प्रश्न वाचायची आणि शोशो उत्तर द्यायची. बोट न्जांबीचं, अक्कल शोशोची. म्हातारीला वाटायचं, माझ्या आत कुणीतरी बसलं आहे.

"काय चौकशीखोर मेला! माझ्या साबणाशी याला काय करायचंय?" ती म्हणायची. "विचार त्याला, त्याच्या घरी आंघोळ करतात का?"

मला राग येत नसे. मी फक्त विचारणारा. प्रश्न माझे नव्हतेच.

रक्कम भरत आली तेव्हा तो प्रश्न आला. तुमच्या घरात किती माणसं राहतात?

इंग्रजीत हा प्रश्न पूर्वीच येऊन गेला होता. न्जांबीनं आकडा टाकला होता आणि तिला काहीच वाटलं नव्हतं. इंग्रजीत माणसं मोजली तरी ती घरची वाटत नाहीत. पण आता तोच प्रश्न घरच्या भाषेत, आईसमोर, मोठ्यानं वाचला गेला. शोशोचा हात चुलीजवळ थांबला.

"माणसं मोजायची नसतात."

"आई, नुसता आकडा द्यायचाय."

"तुझ्या बापानंही नुसता आकडाच दिला होता. सरकारी माणूस दारात आला आणि यानं फुशारकीनं सगळी पोरं मोजून दाखवली. त्याच पावसाळ्यात तापानं तुझा भाऊ गेला. माझा इरुंगू! मी नाही मोजू देणार."

किकुयू घरांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेळ्या मोजत नाहीत, लेकरं तर नाहीच. पण आकडा दिल्याशिवाय मी पुढचा प्रश्न दाखवीना. न्जांबीला आईचं मन मोडवेना. तिनं फक्त स्वतःला मोजलं आणि 'एक' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या काचेवर लाल पट्टी उमटली. खातं बंद. तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, तुम्ही खोटी माहिती देता असं दिसतं, खुलासा करा. खुलासा कुठल्याही भाषेत चालेल. तोवर पैसे मिळणार नाहीत.

न्जांबी वेणी अर्धी टाकून घरी आली. गिऱ्हाईक ओरडत राहिलं. "आई, आता तरी बोलू दे मला. खरा आकडा लिहिते आणि मोकळी होते. तारीख चार दिवसांवर आली. तुझे डोळे जातील गं!"

"जाऊ देत. डोळ्यांसाठी मी माझी पोरं मोजायला लावू?"

न्जांबी रडली. शोशोही रडली, पण हटली नाही. मी मधे पडून होतो, लाल पट्टी घेऊन. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगणार तरी काय?

मग शोशोनं नाक पुसलं. "त्याला काय हवंय? घरात कोण आहे तेच ना? मग नावं सांगते. नावं घ्यायला कुणाची बंदी नाही. मोजायचं तर त्यानं मोजावं. पाप त्याच्या माथी!"

आणि ती सांगू लागली. न्जांबी, माझी लेक, हात गोड आहे पण जीभ तिखट. मग तिची लेकरं. मुकामी, शाळेत पहिली येते आणि घरात भांडी घासत नाही. गिटाऊ, झोपेत हसतो. गथोनी, तिला माझंच नाव दिलंय. मी, त्यांची शोशो. आणि इरुंगू.

न्जांबीचं बोट थांबलं. इरुंगूला जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते. हे नाव लिहिलं तर पुन्हा आकडा जुळणार नव्हता.

"आई, तो..."

"तो माझ्या घरातच राहतो. लिही."

न्जांबीनं डोळे पुसले आणि लिहिलं. खाली स्वतःचं एक वाक्य घातलं, शेवटचा माझा भाऊ, तो वारला आहे, पण आई त्याला वगळत नाही. मी ते सगळं घरच्याच भाषेत पाठवून दिलं. पलीकडे कुणी वाचलं, मला माहीत नाही. यंत्रानं वाचलं असतं तर काम कठीण होतं. माणसानंच वाचलं असावं, कारण तारखेच्या आदल्या दिवशी खातं उघडलं, पैसे आले आणि खाली चार शब्द किकुयूत होते. आईंना आमचा नमस्कार सांगा.

शस्त्रक्रियेनंतर शोशोच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी घरात गिथेरी शिजत होती, मका आणि घेवड्याची. शोशोनं एकेकाचा चेहरा हातात धरला आणि नाव घेतलं. गिटाऊ केवढा वाढलाय, म्हणून त्यालाच रागावली. मग दाराकडे पाहून हळूच इरुंगूचं नाव घेतलं. मग म्हणाली, "आणि तो चौकशीखोर कुठाय?"

न्जांबीनं मला तिच्या हातात दिलं.

"एवढासा? आणि इतक्या चौकशा!" ती मला उलटंपालटं करून पाहत राहिली आणि कमरेच्या कापडानं माझी काच पुसली.

मित्रांनो, आता माझ्यानं सर्व्हे होत नाहीत. ते न्जांबीच्या नव्या फोनवर येतात, चारही भाषांत. मुकामी मला मोडीत द्या म्हणते. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल. त्याला एकदा बाहेर काढा, पुसा, हवं तर हसा. पण मोडीत टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्याकडे रोज जेवताना शोशो सगळ्यांना नावानं हाका मारते. शेवटची हाक मला असते. मी ओ देऊ शकत नाही, तरी ती मारते.