देवघरातले नऊ दिवस

मित्रांनो, परतूरच्या एका दुकानात शिरलात की उजव्या हाताच्या खुंट्यांवर मी आडवे टांगलेले दिसेन. मी बांबूचे जुने धनुष्य आहे. माझी दोरी एका बाजूने सोडलेली असते. त्यामागे एक हकिकत आहे.

दुकान काकासाहेबांचे. जिल्ह्यातल्या शाळांना धनुष्य, बाण, निशाणे पुरवणे हा त्यांच्या घरचा धंदा. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी माझा बांबू तासला, धगीवर शेकला, वाकवला. मुठीला कातडी पट्टी गुंडाळली त्यांच्या आईने, द्वारकाबाईंनी. आसपास कुठे कीर्तन असले आणि द्वारकाबाई पुढच्या रांगेत नाहीत, असे कधी घडले नाही. पट्टी गुंडाळतानाही ओठांवर अभंगच. मी पहिल्यांदा ऐकले ते हरिनाम, हे मी माझे भाग्य समजते.

या घराचा एक नेम होता. नेमबाजी संपली की दोरी उतरवायची. ताणलेला बांबू तसाच ठेवला तर बाक धरतो, त्याचा जोर जातो. काकासाहेब प्रत्येक मुलाकडून हे तीनदा वदवून घेत.

मी आठवीतल्या अर्पिताच्या हाती गेले. तीन वर्षे तिने मला जिवापाड जपले. ती दहावीत आली, आणि विभागाच्या संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. शाळेकडून खेळायची ही तिची शेवटची संधी. म्हणून नवरात्राआधी ती मला नवी दोरी लावायला दुकानात ठेवून गेली. काकासाहेबांनी दोरी बसवली, उतरवून ठेवली आणि गावोगावच्या शाळांना माल पोचवायला निघून गेले.

द्वारकाबाईंनी मला देवघरात नेले. रामाच्या तसबिरीखाली उभे केले, सवयीच्या हाताने दोरी चढवली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. नऊ दिवस मी आरत्या ऐकल्या. सुख वाटे, पण अंग आतून थकत होते. सांगणार कसे?

निवडीच्या दिवशी काकासाहेब माल पोचवून थेट मैदानावर आले, द्वारकाबाई मला घेऊन आल्या. पहिला बाण निशाणाच्या अलीकडेच पडला. दुसराही.

"काका, याच्यात जोरच न्हाई ओ!" अर्पिता रडकुंडीला आली.

काकासाहेबांनी दोरी उतरवून मला जमिनीवर ठेवले. मी वाकलेलेच राहिले.

"आई, दोरी कोणी चढवली होती?"

"म्याच. देवापुढं रामाचं धनुष्य ढिलं ठिवावं व्हय?"

"नऊ दिवस?" काकासाहेबांनी मला उचलून आईपुढे धरले. "आई, कीर्तन सरलं की पखवाजाला लावलेली कणीक काहून काढतेत?"

"न्हाई काढली तर वाळून कातडं खराब व्हतं. त्याला बी इसावा..."

द्वारकाबाईंची नजर माझ्या वाकलेल्या अंगावर गेली. त्यांनी मला काकासाहेबांच्या हातातून घेतले.

काकासाहेबांनी गाडीतून दुसरे धनुष्य दिले, पण ते अर्पिताच्या हाताच्या सवयीचे नव्हते. दोन गुणांनी तिची निवड हुकली. द्वारकाबाई सगळ्यांदेखत तिच्यापुढे आल्या. "पोरी, चूक माझी हाय. माझ्या पूजेपायी तुझं नुकसान झालं."

अर्पिताने डोळे पुसले. "आजी, रामाला तरी आवडलं का ओ?"

म्हातारी रडता रडता हसली.

माझा जोर पुन्हा आला नाही. आता मी बाण सोडत नाही. दर रविवारी अर्पिता दुकानात येते आणि लहान मुलांना दोरी चढवायला, उतरवायला माझ्यावरच शिकवते. मुले घाईने निघाली की द्वारकाबाई दारातूनच ओरडतात, "आरं ए, आधी दोरी!"

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी मला पुन्हा देवघरात नेले. दोरी सोडून, नीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि तसबिरीकडे पाहून म्हणाल्या, "देवा, आज ह्याची सुट्टी हाय. तू बी बस जरा."

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूला फूल वाहणे चांगलेच. पण कुठे एखादे धनुष्य ताणलेले दिसले, तर आधी त्याची दोरी उतरवा. नमस्कार मग करा.