साडेसात फुटांचं लपण

चर्रर्र करत चिकटपट्टी सुटली आणि दुपारपासून गप्प बसलेलं स्वयंपाकघर दचकलं. टेबलाशी बसलेल्या ईडाने वहीतून डोकं वर काढलं, आईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. मारेन फरशीवर रांगत होती. फ्रिजच्या पायापासून शेगडीच्या कडेपर्यंत पट्टी चिकटवून तिने पाच फुटांचा चौकोन पुरा केला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आतल्या खोलीत पाच वर्षांचा ओटो झोपला होता. त्याची झोप म्हणजे तिचा अर्धा तास, फार तर पाऊण.

"हे लायलमामाचं लपण," ती म्हणाली. "बस, एवढंच. दोन माणसांचं."

ईडाने वहीचं पान उलटलं.

गेल्या शरदात ईडाला दहावं लागलं होतं, म्हणजे मुलांच्या शिकारीत बसायचं वय झालं होतं. वर्षातला तेवढा एक शनिवार-रविवार रानातली हरणं मुलांच्या वाट्याची. मोठ्यांनी नुसतं शेजारी बसायचं. तिचा बाप वेंडेल दुधाचा टँकर चालवतो आणि गाई काही सुट्ट्या बघून दूध देत नाहीत, म्हणून मामा तिला घेऊन गेला होता. त्याच्या त्या काळ्या कापडी लपणात, म्हणजे शिकाऱ्याने दडून बसायच्या तंबूत, दोघं गुडघ्याला गुडघा लावून तीन तास बसली. तिच्या पायाला मुंग्या आल्या. हरीण आलं नेमक्या त्याच वेळी तिने पाय जरासा सरकवला, बूट थर्मासवर आपटला, टण्ण झालं आणि हरीण गेलं. मामा रागावलाही नाही. "गेलं बघ, तुझ्यामुळे," एवढंच म्हणाला, तेही हसत. घरी येऊन ईडाने बूट काढले आणि सांगून टाकलं, मी पुन्हा बसणार नाही.

लायल ते कधीच विसरला होता. ईडा मात्र तेव्हापासून जपून चालायला लागली. शाळेच्या बसमध्ये चढताना, चर्चमध्ये बाकावर सरकताना, आपला आवाज होत नाही ना हे बघत. मारेनला ते दिसत होतं. हरीण मिळो न मिळो, 'तुझ्यामुळे' या एका शब्दातून लेकीला बाहेर काढायचं आणि तेही याच वर्षी, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पुढच्या वर्षापर्यंत तो शब्द पोरीच्या अंगात मुरून बसला असता.

"ये, बस जरा इथे."

"मी जाणार नाही. सांगितलंय मी."

"जायला कोण सांगतंय? खुर्चीवर बस म्हणतेय. खुर्चीवर तर रोज बसतेस ना?"

ईडा उठली. चौकोनात दोन खुर्च्या मांडून मायलेकी बसल्या. मारेनने तिच्या हातात झाडूचा लांब दांडा दिला. "ही बंदूक. समोर फ्रिज ही खिडकी. आता हरीण शेगडीकडून आलं. वळव."

ईडाने दांडा वळवला तो आईच्या कानावर बसला.

"आई गं!"

ईडाच्या ओठांचा एक कोपरा हलला. मारेनने कान चोळला. "बघ. जिथे बंदूक वळायला जागा नाही, तिथे माणसाचे पाय कुठे जाणार?"

तेवढ्यात मागचं दार ढकलून लायल आत आला. त्याचं शेत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. नेलेली शिडी परत द्यायला आला होता. फरशीवरच्या पट्ट्या बघून तो दारातच थांबला.

"काय गं मारेन, घराची वाटणी चाललीय की काय?"

"लपण घ्यायचंय. माप घेतेय."

"माझं आहे की. फुकटचं."

"तुझं दोघांचं. आम्ही तिघं."

"तिघं? ओटोला नेणार तू? त्यापेक्षा बँडवाले ने."

"बँडवाल्यांनाही बसायला जागा लागते, लायल. म्हणून तर मोजतेय."

"अगं, बाबा आपल्याला ओकच्या बुंध्याशी टेकवून जायचे. बर्फात. तंबू नाही, बिंबू नाही. मेलो का आपण?"

"मेलो नाही. पण तुझी पँट दर वर्षी ओली व्हायची, ती बर्फाने नव्हे."

ईडा खो-खो हसली. मग आपण मोठ्याने हसलो हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला. मारेनने तो हात हळूच खाली ओढला.

हसण्याने ओटो उठला, पांघरूण ओढत आला आणि कोणी न सांगता चौकोनाच्या मधोमध हातपाय फाकवून आडवा झाला. झालं. पट्ट्या उपटल्या. सहा फूट केलं, तरी ओटोची टाच बंदुकीच्या वाटेत. पोरगी लहान, म्हणून आई हाताच्या अंतरावर हवी हा कायदाच. दोघींच्या मध्ये ओटोची खुर्ची घातली तर हात पोचेना, मागे घातली तर ओटो तुडवला जाई. शेवटी लायलनेच बडबडत टेबल उचलून भिंतीला लावलं. साडेसात फूट झाल्यावर सगळे बसले, झाडू चारी दिशांना फिरला आणि कोणाच्या कानाला लागला नाही.

"साडेसात फूट!" लायल म्हणाला. "हरणांना चहाला बोलावणार आहात वाटतं."

पुढच्या शनिवारी मायलेकी तालुक्याच्या गावी शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेल्या, ओटोला बोटाला धरून. तिथे मागच्या हॉलमध्ये लपणांची रांगच मांडून ठेवलेली. पांढऱ्या मिशांचे दुकानदार सगळ्यात पुढच्या लपणावर थाप मारून म्हणाले, "हे घ्या, बाई. खोक्यावरच लिहिलंय बघा, चार माणसांचं."

"पायांसकट?"

दुकानदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. "पाय धरले तर... तीन."

दुसरं ऐसपैस होतं, पण त्याच्या खिडक्या बाप्यांच्या मापाने कापलेल्या; स्टुलावर बसल्यावर ईडाच्या नाकाशी नुसतं कापड. "मी काय उभी राहून नेम धरू?" ती कुजबुजली. तिसऱ्याच्या दाराची चेन ओढली तर असा कर्कश आवाज झाला की ईडा स्वतःहून बाहेर आली. चौथं कोपऱ्यात होतं, उचलायला जड म्हणून कोणी नेत नसलेलं. त्याच्या खिडक्या गुडघ्यापर्यंत उतरलेल्या आणि बंद करायला चेन नाही, नुसते फासे आणि आकडे. तिघं आत गेली. मारेनने दार लावून घेतलं.

एकदम काळोख झाला. आतलं कापड इतकं काळं होतं की स्वतःचे हात दिसेनात. समोर उघड्या खिडकीची एक फट, तिच्यात दुकानाचा लख्ख उजेड. मारेनने अंदाजाने हात लांबवला तर तो बरोबर ईडाच्या खांद्यावर गेला. पायाशी ओटो पालथा पडला होता आणि तरी कोणाचा कोणाला धक्का नव्हता.

बाहेरून एक थोराड माणूस आला. दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि खुशाल पोट खाजवायला लागला.

ईडा फटीकडे वाकली. "आई," ती इतक्या हळू म्हणाली की मारेनला ते ऐकू येण्यापेक्षा जाणवलंच, "त्याच्यासाठी आपण नाहीच आहोत."

"आपल्याला सगळे विसरले," ओटो जमिनीवरून म्हणाला.

तो माणूस गेला तरी तिघं उठेनात. घरात, शाळेत, रस्त्यावर जग कायम मुलांकडे बघत असतं. इथे पहिल्यांदाच जग आपापल्या नादात होतं आणि ती तिघं त्याच्याकडे बघत होती.

"हेच," ईडा म्हणाली. जाणार की नाही हे कोणी विचारलंही नाही.

नव्या कापडाचा वास जावा म्हणून लपण दोन आठवडे वासरांच्या गोठ्यात उभं केलं. लायलने येऊन वासरांकडून भाडं किती घेतेस म्हणून विचारून घेतलं. मग खोऱ्याच्या तोंडाशी, मका संपून ओकची झाडं सुरू होतात तिथे ते मांडलं, फांद्या बांधल्या आणि हरणांना त्याची सवय व्हायला सोडून दिलं.

मुलांच्या शिकारीच्या शनिवारी पहाटे तिघं जाऊन बसली, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून नारिंगी टोप्या घालून. झुंजूमुंजू झालं. मारेनच्या मागची खिडकी तिने ओटोसाठी उघडी ठेवली होती. गोठ्यातला दिवा तेवढ्यातून दिसला की तो शांत बसे. सातच्या सुमारास ओकच्या खालून एक मादी निघाली. तीस पावलांवर येऊन तिने मान वर केली, लपणाकडे रोखून पाहिलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, आणि फुर्रकन नाक फेंदारून पांढरी शेपटी उभारून दिसेनाशी झाली.

ईडाने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग ईडा म्हणाली, "मीच हलले असणार."

"नाही हललीस. मी बघत होते."

"मग ती का गेली?"

मारेन बाहेर पडली. वारा समोरून होता, म्हणजे वास नव्हे. मादी उभी होती तिथवर ती चालत गेली, तिथल्या ओल्या पानांत टापांचे ठसे होते, त्यांच्यावर ती उभी राहिली आणि वळली. आणि तिने डोक्याला हात लावला.

"ईडा, ये इथे. मी आत जाते, तू बघ."

आई आत जाऊन बसली. ईडा मादीच्या जागेवर उभी राहिली. मागच्या खिडकीतून आलेल्या उजेडावर आई पूर्ण दिसत होती; टोपी, खांदे, कानामागे सुटलेली बटसुद्धा. आईने श्वास घेतला तेव्हा खांदे वर झाले, तेही दिसलं. लपलेली आई किती उघडी होती! ईडा बघतच राहिली. हरणाच्या जागी उभं राहून स्वतःच्या आईकडे कोण कधी बघतं?

"ती तुझ्यामुळे गेली," ती धावत येऊन म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "आई, तुझ्यामुळे! खिडकी तू उघडी ठेवलीस!"

"हो बाई, माझ्यामुळे," मारेन म्हणाली. इतक्या आनंदाने तिने आजवर कुठलीच चूक कबूल केली नव्हती. "आणि मी बघ, अजून जिवंत आहे."

रविवारी मागच्या खिडकीचे फासे घट्ट लावले. ओटोला गोठ्याचा दिवा दिसेना, म्हणून त्याला पुढच्या खालच्या खिडकीशी चटईवर पालथं घातलं, अंगावर पांघरूण. खोऱ्यात धुकं होतं. झाडं एकेक करून त्यातून बाहेर यायला लागली, जणू कोणी त्यांची नावं पुकारत होतं. थेंब पानांवर पडत होते, एवढाच काय तो आवाज.

मग एक झाड चालायला लागलं.

तो नर होता. शिंगं आधी दिसली, मग त्यांच्याखालचं हरीण. तो पावलं टाकत नव्हता, ठेवत होता; एक ठेवलं की थांबे, ऐके, मग दुसरं. त्याच्या नाकातून वाफ निघत होती आणि धुक्यात मिसळत होती. वीस पावलांवर तो आडवा वळला. त्याच्या मागून सूर्य वर आला आणि त्याचे कान आतून पेटल्यासारखे लाल झाले, त्यातली शीर न् शीर दिसायला लागली. मारेन लहानपणापासून या खोऱ्यात हरणं बघत आली होती. आत्ता तिच्या लक्षात आलं की तिने हरीण कधी बघितलंच नव्हतं. बघितली होती ती पळणारी शेपटी. हे जनावर पळत नव्हतं. कोणी नसताना रान जसं असतं, तसं ते होतं. ओटोने आपली मूठ तोंडात घातली होती, त्याची त्यानेच.

आणि ईडाचा पाय हलला.

मारेनने पाहिलं. बूट चटईवर वीतभर सरकला, आणखी थोडा सरकला आणि कशालाही लागला नाही. ईडाने पाय नीट रोवला, बंदुकीचं तोंड हळूहळू वळवलं, गाल दस्त्याला टेकवला. मारेनचा हात तिच्या खांद्यावर होता.

"तुला हवं तरच," मारेन ओठांनीच म्हणाली.

बार झाला. आवाज खोऱ्यात फिरून परत आला. नर उसळला, ओकच्या खाली चाळीस-पन्नास पावलं धावला आणि त्याच्यावर धुकं मिटलं.

जखमी जनावराच्या मागे लगेच जायचं नाही या नेमाप्रमाणे तिघं अर्धा तास थांबली. मग बंदूक रिकामी करून मारेनने ती खांद्याला अडकवली आणि तिघं हात धरून निघाली. तो पानांत कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा, मान किंचित मागे. जवळून तो फार मोठा होता. ओटोने हातमोजा काढून त्याच्या पोटाला हात लावला. "गरम आहे," तो म्हणाला आणि हात तिथेच ठेवून बसला.

ईडा गुडघ्यांवर बसली. रडत होती आणि ते लपवत नव्हती. हुंदके मोठ्याने येत होते, सगळ्या खोऱ्याला ऐकू जातील असे. मारेनने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात शब्द शोधले. तिच्या घरात जेवणाआधी प्रार्थना होती, पेरणीची होती, झोपतानाची होती, वासरू जन्मलं तरी वेंडेल दोन शब्द पुटपुटायचा. इथे, या पानांत, तिच्या बाबांनी मात्र काहीच म्हटलं नव्हतं. त्यांनी सुरी पुसली आणि आकाशाकडे बघितलं होतं, पाऊस येईल का म्हणून. लायल हसून पाठीत थाप मारायचा. तिने स्वतः कधी विचारलंच नव्हतं.

ईडाने बाहीने नाक पुसलं, टोपी काढली आणि नराच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मधल्या राठ केसांवर, दोन बोटं ठेवली.

"आई," ती म्हणाली, "याच्यासाठी आता काय म्हणायचं?"