कधी कधी आपोआप बंद पडतो

गुनवोरने ओल्या फडक्याने लॅपटॉपच्या झाकणावरचा राळेचा डाग घासायला घेतला.

"तो निघायचा नाही," बाकावर बसलेला रूनार म्हणाला. बोलताना तो खिडकीकडे बघत होता.

"कुठला डाग घासतेय हे तुला तिथून कसं कळलं?"

"आवाजावरून."

नवऱ्याचं हे तिरकं बोलणं तिने कानाआड केलं आणि आणखी जोर लावला. डाग खरंच निघेना. लॅपटॉप कसला, पेटीच होती ती. जाड, काळी, कोपऱ्यांना रबर, उचलायला वर मूठ. ऑफिसात बसणाऱ्यांसाठी नव्हे, तर थंडीपावसात रानोमाळ हिंडणाऱ्यांसाठी केलेली वस्तू. रूनारचा उभा जन्म उत्तरेकडच्या लिक्सेले गावाभोवतालच्या जंगलात गेला होता. लाकूड कंपन्यांसाठी तो जंगलाची पाहणी करायचा. कुठलं झाड तोडायचं, कुठलं राखायचं, कुणाची हद्द कुठे संपते हे ठरवायचा, झाडांना फिती बांधायचा आणि संध्याकाळी गाडीत बसून ते सगळं या पेटीतल्या नकाशावर चढवायचा. शेवटची कितीतरी वर्षं बायकोपेक्षा या पेटीनेच त्याला जास्त सोबत केली होती, असं गुनवोर लोकांना हसत सांगायची. आता ती पेटी घ्यायला कुणीतरी येणार होतं, आणि जाहिरात गुनवोरनेच दिली होती.

त्याला कारण घडलं होतं. ऑक्टोबरात रूनारचं लायसन्स गेलं. डोळे तपासायला तो एकटाच बसने उमेओ शहरात गेला होता. परत आल्यावर कोट खुंटीला लावता लावता म्हणाला, कडेचं जरा कमी दिसतं म्हणे, समोरचं सगळं ठीक आहे. एवढंच. रूनार कधी खोटं बोलत नसे, म्हणून गुनवोरनेही पुढे काही विचारलं नाही. त्या मुलखात माणसं अशीच. एखाद्याच्या घरात तीन वाक्यांवर दिवस निभतो आणि चौथं कुणाला हवंसंही वाटत नाही.

पण नोव्हेंबरात तिची पाठ वळली तशी त्याने गाडी काढली. लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवून जंगलाकडे निघाला आणि वळणावर सरळ शाळेच्या बसथांब्यात घुसला. पोरांना घेऊन बस नुकतीच गेली होती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली तेव्हा गुनवोरने पोरांचा चिरडलेला बाक पाहिला. घरी आल्यावर तिने गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात खुपसून ठेवली.

तेव्हापासून रूनार तिच्याकडे बघेनासा झाला. बोलायचा, नाही असं नाही. कॉफी दे, लाकडं आणू का, बाहेर किती थंडी आहे. पण तोंड खिडकीकडे, नाहीतर दाराकडे, नाहीतर चुलीकडे. पेपर वाचायचंही त्याने सोडलं होतं, त्यात काही नसतं म्हणायचा. सकाळी उठून लॅपटॉप चार्ज करायचा, बाकावर आपल्याशेजारी ठेवायचा आणि ऊन पडलं की एक चक्कर मारून येऊ म्हणायचा. ही पेटी घरात आहे तोवर हा आज ना उद्या किल्ली शोधून काढणार, आणि तेव्हा बस गेलेली असेलच असं नाही, हे गुनवोरला पक्कं दिसत होतं. विकून टाकू या, असं तिने एकदा जेवताना म्हटलं. त्याने नुसता ओठांतून श्वास आत ओढला. तिकडे होकार असाच देतात. होकार देतानाही त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या रात्री ती कूस वळवून आवाज न करता रडली. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, पण हे असं तोंड फिरवणं तिला सोसत नव्हतं.

दुपारी रंग उडालेली एक व्हॅन अंगणात येऊन थांबली. उतरलेली मुलगी पंचविशीची असेल. तूवा तिचं नाव. दारात बूट काढले तर पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे लोकरी मोजे होते. ती ओसेलेची, म्हणजे तशी जवळचीच. सोमवारपासून जंगलाच्या पाहणीचं काम सुरू करणार होती. काम स्वतःचं, ठेका स्वतःचा, आणि आठवडाभर झोपायचं व्हॅनमध्येच. आधीचा लॅपटॉप दिसायला देखणा होता, तो पहिल्याच कडक थंडीत गेला. नवा दणकट घ्यायचा तर ऐपत नव्हती, आणि सोमवारी हातात काही नसेल तर ठेका दुसऱ्याला जाणार होता. हे सगळं तिने गुनवोरला सांगितलं, ते पण विचारल्यावर.

आधी कॉफी झाली. तिकडच्या रीतीप्रमाणे तूवाने न सांगता चीजचे तुकडे कपात टाकले आणि ते मऊ होईपर्यंत ती हवेविषयी बोलली. दुसरा कप भरेपर्यंत लॅपटॉपचं नाव कुणी काढलं नाही. मग रूनारने पेटी पुढे सरकवली आणि खाकरला.

"जड आहे," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत खांदा निघतो."

तूवाने मान हलवली.

मग तो जो सुरू झाला तो थांबेना. कडाक्याच्या थंडीत बॅटरी दुपार गाठत नाही. एक बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटतं. बिजागरी ढिली आहे, कारण एकदा तो पेटी गाडीच्या टपावर विसरला होता आणि ती वळणावर रस्त्यात पडली होती. नदीतही पडून आलीय. आतला पंखा म्हाताऱ्या कुत्र्यासारखा घरघरतो. रूनार वर्षभरात मिळून एवढं बोलला नसेल. गुनवोर ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. त्याला पोरीला पळवून लावायचं होतं, हे ती पहिल्या वाक्यालाच ओळखून चुकली.

"आणि कधी कधी आपोआप बंद पडतो," शेवटी तो म्हणाला.

गुनवोरच्या हातातली बशी नळाखाली तशीच राहिली. हे धडधडीत खोटं होतं. ती पेटी एकदाही आपोआप बंद पडली नव्हती. नदीतून काढली तेव्हासुद्धा चालू होती आणि ती गोष्ट त्याने नातवंडांना दहादा सांगितली होती. जो माणूस झाडाच्या घेरात बोटभर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी परत जंगलात जायचा, तो एका परक्या पोरीशी खोटं बोलत होता. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची दया आली.

तूवा मात्र हसत होती.

"माझे आजोबा गाय विकताना असंच करायचे," ती म्हणाली. "दुधाबद्दल एक शब्द नाही. लाथ कशी मारते ते अर्धा तास सांगायचे. गिऱ्हाईक गोठ्यात पोचायच्या आत गाय विकलेली असायची."

रूनारने पेटीवरचा हात काढला. इतकी वर्षं याच मुलखात काढून त्याला हे आठवू नये, याचं गुनवोरला आश्चर्य वाटलं. इथे कुणी आपल्या वस्तूची तारीफ करू लागला की लोक टोपी उचलून चालू लागतात, आणि दोष सांगू लागला की खुर्ची पुढे ओढून बसतात. लॅपटॉप त्याने स्वतःच्या तोंडाने विकला होता.

"बाहेर थंडीत जरा चालवून बघू?" तूवाने विचारलं. "नकाशा कसा उघडतो ते दाखवाल का?"

रूनारने मुठीला धरून पेटी उचलली. उंबरा, पायरी, सगळं त्याच्या पायांना पाठ होतं. टोपी तो विसरला. भांडी आवरून झाल्यावर गुनवोर ती टोपी घेऊन मागोमाग बाहेर आली.

आभाळ राखाडी होतं आणि अंगणभर बर्फाचा फिका उजेड पसरला होता. व्हॅनच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडा ठेवला होता. रूनार त्याच्यासमोर वाकून पडद्यावर बोट फिरवत होता आणि त्याच्या आवाजात जुना रूनार परत आला होता.

"हा काळा ओढा. इथून खाली दलदल आहे, मार्चनंतर पाय घालायचा नाही. ही पाइनची रांग. यातल्या एका झाडात सुतार पक्ष्याचं घर आहे. निळी फीत बांधलीय. निळी फीत म्हणजे कंपनी काय वाट्टेल ते म्हणो, हात लावायचा नाही."

गुनवोर त्याच्या पाठीशी आली आणि तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

पडदा काळा होता. बटणं दाबली नाहीत की वीज वाचवायला पडदा थोड्या वेळाने विझतो, तसा विझलेला. ओढा नव्हता, पाइन नव्हते, काहीच नव्हतं. त्या काळ्या काचेवर रूनारचं बोट इकडून तिकडे जात होतं, थांबत होतं, वळत होतं, आणि दरवेळी बरोब्बर तिथेच वळत होतं जिथे पूर्वी ओढा वळायचा.

तूवाने मान वळवून गुनवोरकडे पाहिलं. दोघींची नजर भेटली. एक बटण दाबलं असतं तर पडदा उजळला असता. तूवाने हातमोज्यातला हात खिशातच ठेवला.

"आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला?" तिने विचारलं.

"वर?" रूनार सरळ झाला. उत्तर द्यायला तो तूवाकडे वळला, आणि वळता वळता त्याने तोंड तिच्यापासून जरा बाजूला नेलं, व्हॅनच्या आरशाकडे. "वर जुनं रान आहे. तिथे घाई करायची नाही."

गुनवोर टोपी हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. तूवाशी तर त्याचं काही भांडण नव्हतं. तासाभरापूर्वी भेटलेली पोर ती. मग तिच्याशी बोलतानाही हा तोंड का फिरवतो?

तिला रूनारची आई आठवली. शेवटची काही वर्षं म्हातारी अशीच बोलायची. समोर सून बसलेली आणि हिचं तोंड दाराकडे. डोळ्यांतलं मधलंच गेलं होतं तिच्या, कडा तेवढ्या उरल्या होत्या. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या शेजारी बघावं लागायचं. गुनवोरने सात हिवाळे तिला जेवू घातलं होतं. सगळ्या जगात हे कुणाला ओळखू यायला हवं होतं तर ते तिला.

कडेचं जरा कमी दिसतं, असं तो म्हणाला होता. नेमकं उलट सांगितलं होतं. त्याआधी सप्टेंबरात त्याच्या शेजारी बसून ती रानातली लाल बोरं वेचायला गेली होती, गाडी तोच चालवत होता, आणि ती सीटवर डुलक्या घेत होती. याला गदागदा हलवावं असं तिला वाटलं, आणि याला मिठी मारावी असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच न करता तिने टोपी त्याच्या डोक्यावर चढवली आणि कान झाकले. त्याने करू दिलं.

तूवाने झाकण हळूच मिटलं.

"मी घेते," ती म्हणाली. तिने घासाघीस केली नाही. पैशांचं मोबाईलवर उरकलं. पेटी तिने व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. मग परत येऊन रूनारचा हात हातात घेतला आणि निळ्या फितीला कुणाला हात लावू देणार नाही, असं त्याला सांगितलं. रूनारने ओठांतून श्वास आत ओढला.

व्हॅन अंगणातून बाहेर पडली, बसथांब्याच्या वळणावर हळू झाली आणि दिसेनाशी झाली. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत रूनार ऐकत राहिला. संध्याकाळ उतरायला लागली होती. गुनवोरला पायांच्या बोटांत थंडी झोंबत होती, पण ती आत गेली नाही.

"बंद पडतो म्हणालो ते खोटं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"तिला फोन करून सांग. पोर उगीच धास्ती घेऊन फिरेल."

"सांगते."

तो पुढे काही बोलेल म्हणून ती थांबली. मग त्याने तोंड तिच्यापासून जरासं फिरवलं, सबंध हिवाळाभर फिरवायचा तसंच, टपालपेटीच्या दिशेला. रोज एवढं झालं की ती उठून आत जायची.

आज ती हलली नाही. तिने डोक्यावरचा रुमाल काढला, कपाळावर आलेले केस मागे सारले, आणि त्याचं बघून होईपर्यंत तशीच उभी राहिली.