तलंगा आत घेताना

फुलाबाईने काठीचं टोक वर नेऊन हलकेच डिवचलं, तशी खालच्या फांदीवरची तलंग उतरायची सोडून आणखी वर जाऊन बसली. जांभळीच्या पानांत आता नुसते काळे आकार दिसत होते. मार्गासनीच्या रस्त्यावर टेम्पोवाल्याकडून घेतलेल्या या कोवळ्या कोंबड्या, अजून अंड्यावरही न आलेल्या. दिवसभर अंगणात चरायच्या आणि अंधारून आलं की खुराड्याकडे ढुंकूनही न बघता झाड गाठायच्या.

"या, या, या," तिने साद घातली. एकही हलली नाही.

तिचा नवरा मानसिंग ओट्यावर बसून बघत होता. पूर्वीची गोष्ट असती तर त्याने बसल्या जागेवरून एक हाळी दिली असती आणि कोंबड्याच काय, शेजारची पोरंसुद्धा घरात पळाली असती. वाडीला त्याचा आवाज ठाऊक होता. खाली वळणावर वेल्ह्याची एसटी दिसली की तो बांधावरून "गाडी आली" म्हणून ओरडायचा आणि वरच्या घरांतली माणसं पिशव्या घेऊन निघायची. पावसाळ्याआधी पुण्याच्या दवाखान्यात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. आता गळ्याला एक भोक होतं आणि त्यावर पातळ फडकं.

सुरुवातीला तो ओठ हलवायचा. फुलाबाई निरखून बघायची, तरी कधी चुकायची. त्याने पाणी मागावं आणि तिने पान आणून द्यावं. मग तो चिडायचा आणि त्याचं चिडणंही कुणाला ऐकू जायचं नाही. हळूहळू त्याने ओठ हलवणंच सोडलं. कुणी भेटायला आलं की उठून आत जायचा. येणारा माणूस फुलाबाईलाच विचारायचा, "आता बरं हाय का त्यांना?" आणि तीच सांगायची, "हाय, बरं हाय."

म्हणून तर तिने तलंगा आणल्या होत्या. दवाखान्याच्या धावपळीत जुन्या कोंबड्या विकून टाकल्या होत्या. घरात काही हलतंबोलतं असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळी जांभळीखाली पिसं पडलेली दिसली. मुंगूस असेल, नाहीतर रानमांजर. फुलाबाई झाडू आणायला वळली, पण मानसिंग खाली उतरला होता. उकिडवा बसून तो एकेक पीस गोळा करत होता. मग त्याने उरलेल्या तलंगा कणी टाकून टाकून खुराड्यात घेतल्या आणि दाराला काडी लावली.

दुपारी तिने काडी काढायला हात घातला, तर त्याने मान हलवली.

"आवं, कोंडून कोंडून मरतील त्या."

त्याने पुन्हा मान हलवली.

पुढचे काही दिवस त्याने त्यांना आतच ठेवलं. पाणी आत, कणी आत. खुराड्यात आडवा दांडा बांधला, दाराला फळीचा उतार केला. आणि दर वेळी दाणे टाकायच्या आधी तो जर्मनच्या पातेलीवर पळी मारायचा. एकदा, थांबून दोनदा. टण्... टण्-टण्. फुलाबाईला चुलीपाशी ते ऐकू यायचं. हा आवाज त्याच्या हातचा आहे, हे तिला पहिले दोन दिवस उमगलंच नाही. तिला वाटायचं, पोरंटोरं खेळतायत.

मग एके दिवशी उन्हं कलल्यावर त्याने दार उघडलं. उपाशीच ठेवल्या होत्या, तरी मोकळं अंगण बघून त्या चहूकडे उधळल्या. अंधार पडायला लागल्यावर त्याने पातेली वाजवली. एकच तलंग फळीपर्यंत आली. बाकीच्या त्याने झाडाखालून, गवताच्या गंजीमागून एकेक उचलून आणल्या. पण आत टाकल्या नाहीत. फळीवर ठेवायचा, बोटाने मागून जरासं लोटायचा आणि ती आपल्या पायांनी दारातून आत जाईपर्यंत थांबायचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निम्म्या आपसूक आल्या.

पुढच्या आठवड्यात तो न्हाणीत असताना फुलाबाईला वाटलं, आज आपणच करावं. तिने पळी घेऊन पातेली न थांबता सलग वाजवली. तलंगा धावत निघाल्या, अर्ध्या अंगणात येऊन थबकल्या आणि माना वाकड्या करून तिच्याकडे बघत राहिल्या. तिने पुन्हा वाजवलं. त्या जांभळीकडे वळायला लागल्या.

मानसिंग ओल्या अंगाने बाहेर आला. तिच्या हातून पळी घेतली. टण्... टण्-टण्. तलंगा एकमेकींना रेटत फळी चढून आत गेल्या.

"माझा हात न्हाई वळखत व्हय गं भवान्यांनो," ती म्हणाली.

मानसिंगचे खांदे हलायला लागले. गळ्यात काही अडकलं की काय म्हणून ती पुढं झाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तो हसत होता.

दोन दिवसांनी सांजेला खालच्या घरचा हनुमंत अंगणात आला. त्याच्या बायकोनेही, मंगलने, त्याच टेम्पोवरून तलंगा घेतल्या होत्या. त्या रोज कौलांवर जाऊन बसत होत्या.

"वैनी, तुमची पाखरं भांडं वाजवलं की आत जात्यात म्हणं. दादांनी कसं काय शिकवलं?"

मानसिंग खुराड्याचं दार लावत होता. तो आत गेला नव्हता. फुलाबाईचं उत्तर ओठांवर आलं होतं. आधी कोंडायचं, आतच खायला घालायचं, सगळं तिने पाहिलेलं होतं. तिने बादली उचलली.

"त्यास्नीच इचार. म्या काय केलं न्हाई त्यात," असं म्हणून ती घरात गेली.

पीठ मळता मळता तिचा कान बाहेर होता. मग हनुमंतचा आवाज, तुटक तुटक. "कोंडून ठेवायचं? ...व्हय. ...किती दिवस? ...बरं, आन मग?" तिने खिडकीतून पाहिलं. दोघं मातीत उकिडवे बसले होते. मानसिंगचे हात दार लावत होते, उघडत होते, दाणे टाकत होते. ओठही हलत होते. हनुमंत वाकून बघत होता आणि चुकला की मानसिंग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून दाखवत होता.

थोड्या वेळाने दोघं उठले आणि उतारावरून खाली निघाले.

पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा बाहेर पुरतं अंधारलं होतं. कोंबड्या खुराड्यात शांत होत्या. ऑपरेशन झाल्यापासून मानसिंग दिवेलागणीनंतर कधी अंगणाबाहेर राहिला नव्हता. ती दारात येऊन उभी राहिली. खाली हनुमंतच्या अंगणात बॅटरी फिरत होती, कौलांवर काठी वाजत होती आणि हनुमंत मोठ्याने हसत होता.

मग मंगलची हाक वर आली.

"वैनी, दादा हितंच जेवत्यात. वाट बगू नका."

"बरं," फुलाबाईने वरून सांगितलं.

ती चुलीपाशी आली. करपायला आलेली भाकरी उलटली, परातीतला दुसरा गोळा झाकून ठेवला, आणि ओट्यावरचा दिवा लावून एकटीच जेवायला बसली.