जांभळ्या दिव्याखालची माझी वर्षं

मित्रांनो, तुमच्या खिशातल्या चपट्या फोनशेजारी मला ठेवलंत, तर तुम्हाला हसू आवरणार नाही. मी एक जुना स्कॅनर आहे, कारखान्यातल्या मालाची नोंद करणारा. हातात धरायचा, पिवळ्या रबराचं जाड आवरण असलेला, बटणं लाडवाएवढी. मी जिथे काम केलं, तिथले इंग्रज कामगार मला 'ब्रिक' म्हणत आणि मराठी माणसं सरळ 'वीट' म्हणत. मला राग येत नसे. कारण जी माणसं मला वीट म्हणत, तीच मला रोज पुसून जागेवर ठेवत.

माझा जन्म स्कॉटलंडमधला. तिथल्या कारखान्यात आमच्यातल्या काही जणांना नमुना म्हणून बाजूला काढलं, त्यात मी होतो. नमुन्याचं बालपण फार लाडाचं नसतं. मला सहा फुटांवरून सिमेंटच्या फरशीवर टाकलं, एकदा नव्हे, सव्वीस वेळा. अंगावर पाणी ओतलं, बर्फात ठेवलं. एवढं करूनही माझा दिवा लागतो आहे हे पाहिल्यावर मला खोक्यात भरलं आणि इंग्लंडमधल्या रीडिंग शहरी एका कंपनीच्या मुख्य कचेरीत पाठवलं. तिथे मालविका मला भेटली.

मालविका तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आईवडील दोघंही डॉक्टर, ती जन्मली-वाढली लंडनच्या स्टॅनमोर भागात. कॉम्प्युटरचं शिकून ती या कंपनीत लागली होती. कंपनीचा कारखाना होता कॉव्हेंट्रीला. तिथे ट्रकच्या ब्रेकमध्ये बसणारे पोलादी शाफ्ट, म्हणजे दांडे, बनत. आदल्या वर्षी तिथून चीर गेलेले शाफ्ट बाहेर पडले होते. नशिबाने कुणाला इजा झाली नाही, पण सगळा माल परत आणावा लागला. चौकशीत कळलं की चीर सापडली होती, चिठ्ठीही लिहिली होती. ती तेलात भिजून ट्रेमध्ये तळाशी चिकटून बसली होती. म्हणून साहेबांनी ठरवलं, आता कागद बंद. सगळ्यांच्या हातात यंत्रं द्यायची. ती कोणती द्यायची, हे ठरवण्याचं काम मालविकाकडे आलं.

खरं सांगायचं तर ते आधीच ठरलं होतं. माझ्याबरोबर आणखी एक यंत्र होतं. चंदेरी, पातळ, छोट्या पेनाने लिहायचं. कारखान्याचे मॅनेजर हॅडली साहेब त्याच्यावर खूश होते. "दोन आठवडे ट्रायल करून टाक," ते मालविकाला म्हणाले, "म्हणजे माणसांना विचारल्यासारखं होईल."

२००३ सालचा मार्च होता. कारखान्याच्या कँटीनमध्ये मालविकाने भिंतीवर चित्रं दाखवून आम्हा दोघांची ओळख करून दिली. तीस-चाळीस माणसं चहा पीत ऐकत होती. शेवटी भट्टीवरचे शशिधरकाका उठले. गेली वीस वर्षं ते लालभडक शाफ्ट भट्टीतून काढून, पोलाद कडक व्हावं म्हणून, तेलात बुडवण्याचं काम करत होते.

"पोरी, तू मराठी ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका. पण माझं मराठी थोडी वीक आहे."

"असू दे. मला एवढंच सांग, तू शॉप फ्लोअरवर आठ तास कधी उभी राहिली आहेस?"

मालविका लाल झाली. मी तिच्या हातात होतो. तिच्या तळव्याला घाम आलेला मला कळला. "नाही," ती म्हणाली.

"मग आम्हाला काय लागतं, ते तुला कुठून कळणार?" काका शांतपणे म्हणाले आणि कप विसळायला निघून गेले.

मित्रांनो, दुसरी कुणी असती तर तिने रुसून रीडिंगची ट्रेन पकडली असती. मालविका दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीला हजर झाली. अंगात कुणाचा तरी मोठा ओव्हरऑल, पायात पोलादी टोकाचे जड बूट. तिला सुप्रभाताईंबरोबर उभं केलं.

सुप्रभाताई इचलकरंजीच्या. लग्न होऊन १९७९ साली कॉव्हेंट्रीला आल्या आणि थोड्याच दिवसांत या कारखान्यात लागल्या. त्यांचं काम एका काळोख्या खोलीत चाले. शाफ्टवर एक खास द्रव ओतायचा, त्याला चुंबक लावायचा आणि जांभळ्या दिव्याखाली हळूहळू फिरवून बघायचं. कुठे केसाएवढी चीर असली, तरी ती हिरवी चमकते. डोळे काळोखाला सरावायला मात्र वेळ लागतो. चोवीस वर्षं त्या काळोखात त्या हिरवी रेघ शोधत होत्या.

पहिल्याच तासात चंदेरी यंत्राची फजिती झाली. त्याचा पडदा इतका लख्ख उजळला, की सुप्रभाताईंनी डोळ्यांवर हात धरला. त्यांचे डोळे पुन्हा सरावेपर्यंत काम थांबलं. मग पेन हातमोज्यातून सटकलं आणि द्रवाच्या टाकीत बुडालं. मी मनातल्या मनात हसलो. पण माझी पाळी आली तेव्हा माझीही लाज निघाली. माझी बटणं मोज्यातून दाबता येत होती हे खरं. पण एक चीर नोंदवायला अकरा वेळा दाबावं लागत होतं. आणि प्रत्येक पायरीवर बारीक अक्षरांत लांबलचक इंग्रजी वाक्यं.

"काकू, हा स्क्रीन कशी वाटली?" मालविकाने विचारलं.

"कसा वाटला म्हण," सुप्रभाताई म्हणाल्या. "वाईट वाटला. दोन्ही नकोत मला."

"मग तुम्हाला काय पाहिजे?"

सुप्रभाताई हातमोजे काढत होत्या, त्या थांबल्या. त्या काळोखात त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण आवाज बदललेला कळला. "हे मला इथे कुणी कधी विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका कोऱ्या जॉब कार्डावर पेन्सिलीने चित्र काढलं. पडदा काळा, अक्षरं मंद लाल. चीर दिसली की एकच बटण. वाक्यं नकोत, शाफ्टचं चित्र हवं, त्यात चीर कुठे आहे तेवढं दाखवता आलं पाहिजे. शशिधरकाका शेजारी डबा खात होते. ते म्हणाले, "भट्टीपाशी शिट्टी-बिट्टी ऐकू येत नाही. कमरेला थरथरलं पाहिजे."

"आणि एक," सुप्रभाताई म्हणाल्या. "मी चिठ्ठ्या लिहिते, त्या कुणी वाचतं की नाही, मला कळत नाही. गेल्या वर्षी त्या भिजलेल्या चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं. लोक म्हणाले तुझी चूक नाही, पण मला किती दिवस जेवण गेलं नाही. कुणीतरी बघितलं, एवढं जरी मला कळलं ना, तरी पुरे."

मालविकाने ते कार्ड जपून वहीत ठेवलं. तेवढ्यात काकांनी डबा बंद करत विचारलं, "आता खरं सांग. हे यंत्र आमची मिनिटं मोजतं का? कोण किती वेळ थांबला, टॉयलेटला किती गेला?"

ते माझ्या आत होतं, मित्रांनो. दोन नोंदींच्या मधला वेळ माणसागणिक मोजून साहेबांच्या पडद्यावर दाखवण्याची सोय माझ्यात होती, आणि हॅडली साहेबांना ती फार आवडली होती. मालविका 'नाही' म्हणू शकली असती. कुणाला कळलंही नसतं.

"हो काका," ती म्हणाली. "मोजू शकतो. पण तो भाग मला काढायची आहे. काढता येईल का, अजून माहीत नाही."

काकांनी डबा पुन्हा उघडला. मग डब्यातली उरलेली शेंगदाण्याची चटणी तिच्या ताटलीत वाढली.

पुढच्या शनिवार-रविवारी मालविकाने मला घरी नेलं आणि माझं अंतरंग बदललं. अकरा पायऱ्यांची एक झाली. पडदा काळा झाला. ज्याला निरोप जाईल त्याने 'पाहिलं' असं दाबल्याशिवाय निरोप माझ्या पडद्यावरून हलणार नाही, अशी तिने व्यवस्था केली. सोमवारी सुप्रभाताईंनी मला हातात घेतलं, एक बटण दाबलं आणि पलीकडे मालविकाच्या कॉम्प्युटरवरून 'पाहिलं' असं उत्तर आलेलं पाहून त्या नुसत्या "अगंबाई" एवढंच म्हणाल्या.

ट्रायल संपल्यावर साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मालविका एकटी गेली नाही, सुप्रभाताईंना घेऊन गेली. हॅडली साहेब वाईट माणूस नव्हते. पण सुप्रभाताई त्यांच्या खोलीत कधी बसल्या नव्हत्या, आणि खुर्ची द्यावी हे साहेबांना जरा उशिरा सुचलं.

"हे जड आहे आणि दिसायला जुनाट आहे," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "पण ठीक आहे, तुम्हा लोकांना हेच हवं असेल तर घेऊ. मात्र मिनिटं मोजायची सोय राहू दे. ती का काढायची?"

मालविकाने उत्तर तयार करून आणलं होतं, कागदावर. पण सुप्रभाताई आधी बोलल्या. त्यांचं इंग्रजी कॉव्हेंट्रीच्या कामगारांचं होतं, आखूड आणि थेट.

"साहेब, चीर कधीकधी पहिल्या फेरीत दिसत नाही. मला शंका आली की मी शाफ्ट पुन्हा फिरवते, तिसऱ्यांदा फिरवते. तुमच्या पडद्यावर ती मिनिटं रिकामी दिसतील. चार वेळा मला त्यावरून बोलावलंत, तर पाचव्या वेळी मी शाफ्ट पुन्हा फिरवणार नाही. पुढे पाठवून देईन. मग तुम्ही तो कुठल्या ट्रकमध्ये बसवाल?"

मी टेबलावर पडून होतो आणि मला वाटत होतं, आता मला परत खोक्यात भरणार. साहेबांनी मला उचललं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं.

"काढून टाका ती सोय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुमचं नाव काय म्हणालात?"

जूनमध्ये माझे साठ भाऊ कॉव्हेंट्रीला आले. माझ्यासारखेच पिवळे, सगळ्यांचं अंतरंग सुप्रभाताईंच्या चित्राप्रमाणे केलेलं. पाळी संपली की आम्ही चार्जिंगच्या रॅकवर एका रांगेत बसत असू. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं. माझी जागा काळोख्या खोलीत, सुप्रभाताईंच्या हातात.

२००५ सालच्या फेब्रुवारीतली एक सकाळ मी विसरणार नाही. सुप्रभाताईंनी एक शाफ्ट फिरवला आणि हिरवी रेघ चमकली. दुसऱ्यावरही चमकली. तिसऱ्यावर दोन. त्यांनी माझं बटण दाबलं.

पुढचं मला माझ्या भावाने सांगितलं, तो शशिधरकाकांच्या कमरेला होता. काका त्या वेळी भट्टीतून निघालेली लालभडक शाफ्टची टोपली तेलाच्या टाकीवर खाली सोडत होते. भाऊ थरथरला. काकांनी पडद्यावर पाहिलं, तीन शाफ्टची चित्रं, तीनही त्याच टाकीतून गेलेले. एकदम इतक्या चिरा म्हणजे तेलातच काहीतरी बिघडलं, हे त्यांना लगेच उमगलं. त्यांनी टोपली अधांतरी थांबवली, बाजूला घेतली आणि आजूबाजूच्यांना ओरडून मागे सारलं. मग त्यांनी 'पाहिलं' दाबलं.

तेल गार ठेवण्यासाठी टाकीतून नेलेली पाण्याची नळी गळत होती. तेलाखाली पाणी साचत चाललं होतं. फिटरने नंतर सांगितलं, आणखी थोडं पाणी साचलं असतं तर तापलेलं लोखंड आत जाताच टाकी भडकली असती, आणि टाकीच्या सगळ्यात जवळ उभे होते ते शशिधरकाका.

तासाभराने काका काळोख्या खोलीच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत ते कधी तिकडे फिरकले नव्हते. दार पूर्ण उघडलं तर ताईंच्या डोळ्यांना त्रास होईल, म्हणून फटीतूनच बोलले.

"सुप्रभाताई, चहा घेणार का?"

"घेईन की," ताई म्हणाल्या.

काकांनी चहा आणला. दोघांनी काळोखात उभ्या उभ्या घेतला. जाताना काका म्हणाले, "माझ्या मोठीचं लग्न आहे मे महिन्यात. तुम्ही यायचं." एवढंच. त्या सकाळची बातमी कुठल्याही पेपरात आली नाही. जे घडता घडता टळतं, ते कोण छापणार?

वर्षं गेली. मालविकाने दुसरीकडे नोकरी धरली. २००८ मध्ये सुप्रभाताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, रॅकवर ठेवलं आणि हलकेच म्हणाल्या, "जाते रे." पुढे मंदी आली. कामं आटली, भट्टी विझली, २००९ च्या वसंतात कारखान्याला कुलूप लागलं. आम्हा भावांना पुठ्ठ्याच्या खोक्यांत टाकलं. बॅटऱ्या काढून घेतल्या. माझ्या अंगावर कुणाच्या तरी तुटक्या कीबोर्डचं ओझं होतं. मित्रांनो, सव्वीस वेळा फरशीवर आपटलो तेव्हा मला दुखलं नव्हतं. त्या खोक्यात दुखलं.

मालविकाने कुणाकडून तरी ऐकलं आणि ती मला घेऊन गेली. आता ती एका कॉलेजात शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला ती मला पिशवीतून काढते आणि वर्गात हातोहात फिरवते. मुलं माझ्या वजनाला हसतात. परवा एका मुलीने विचारलं, "इतकं बोजड यंत्र निवडलं तरी कुणी?"

"सुप्रभाताईंनी," मालविका म्हणाली. "त्या ते वापरणार होत्या."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला कपाटात नीट ठेवा, असं मागणं मी मागणार नाही. माझे दिवस सरले. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि कधीतरी दुसऱ्याच्या हातात द्यायचं यंत्र निवडण्याची पाळी तुमच्यावर येईल. तेव्हा ते सुंदर आहे का, नवं आहे का, हे जरूर बघा. पण त्याआधी, ज्याच्या हातात ते दिवसभर राहणार आहे, त्याच्यापाशी जा. त्याच्या शेजारी उभे राहा. त्याला काय हवं ते विचारा, आणि त्याचं बोलणं पुरतं होईपर्यंत थांबा.